डाव्या बाजूचं दूध

"दोन्हीकडून पाजतेस ना?" सिस्टरनं बाळंतिणीला विचारलं. उत्तर नणंदेनं दिलं, सगळं व्यवस्थित चाललंय म्हणून.

हिला तोंड नाही का, असं सिस्टरच्या ओठांवर आलं होतं. पण तेवीस वर्षं घरोघरी बाळंतिणी तपासत फिरलेली बाई ती; नुसतं बघत राहिली. बाळ बारा दिवसांचं. आई शाळेचे गणवेश शिवणारी, शिलाईचं मशीन खाटेला लागूनच. तिनं बाळ उजवीकडे घेतलं, पण डावा हात अंगापासून सुटेना. ओट्यावर दुधाची बाटली उपडी घातलेली, अजून ओली.

सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. ही नणंदच बाळाला वरचं पाजतेय आणि इकडे भावजयीचं दूध तटतंय. बाळाचं कार्ड दवाखान्यात राहिलंय, असं सांगून तिनं नणंदेला पिटाळलं. कार्ड तिच्या पिशवीतच होतं.

"बाटली कोण देतं?"

"मीच. वन्सं नको म्हणतात, तरी मला पाठीशी घालतात."

मग हळूहळू बाहेर आलं. पहिल्या बाळंतपणातही डावीकडे अशीच गाठ आली होती, ताप चढला, पू झाला. महिन्याभरात ते बाळ गेलं. डावीकडचं दूधच त्याला बाधलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. डॉक्टर मात्र म्हणाले होते, जन्मापासून त्याच्या हृदयाला भोक होतं.

"मग दुधाचा काय संबंध? कुणी काही म्हणालं का?"

"म्हणालं कुणीच नाही. बघत मात्र सगळे होते."

सिस्टरनं तपासलं. बोंडावर चीर, बाजूला लालसर कडक गाठ. अंगात ताप नव्हता. छातीवर जाड कापडाचा पट्टा होता, दूध आटावं म्हणून तिनंच शिवलेला. सिस्टरनं समजावलं, की दूध साचून राहतं म्हणून दुखणं वाढतं. पट्टा काढायचा. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही जाऊ दे. दुखरी बाजू टाळायची नाही, गाठ रगडायची नाही, पाजून झालं की गार फडकं ठेवायचं. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

बाळंतीण तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "हे लिहून द्याल? सही करून?"

मशीनवरच्या मापांच्या वहीत सिस्टरनं लिहिलं, डाव्या बाजूचं दूध चांगलं आहे. खाली सही आणि तारीख. बाळंतिणीनं ते दोनदा वाचलं, मग कात्रीच्या टोकानं पट्ट्याची शिवण एकेक टाका उसवत गेली.

नणंद धापा टाकत परतली. कार्ड तिथे नाही म्हणतात, म्हणाली.

"माझ्याच पिशवीत होतं," सिस्टर म्हणाली. "चुकलं माझं."

नणंदेचं तिकडे लक्ष नव्हतं. खाटेवर भावजय ओठ घट्ट मिटून बसली होती, बाळ डावीकडे. एरवी पाजताना कुणी आलं की ती भिंतीकडे वळायची. आज वळली नाही.