लालसूच्या हातून सुटलेला फुटबॉल

माझ्यात आता हवा ठरत नाही, मित्रांनो. कोणी भरलीच तर घटकाभरात माझे पोट पुन्हा खपाटीला जाते. तरी मी फुटबॉल आहे, आणि जुना असलो तरी खराखुरा, चामड्याचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण इथल्या लहान मुली मला टोपी समजून डोक्यावर घालतात आणि मला त्याचा राग येतो.

माझा जन्म १९५३ सालचा, बल्लारशाच्या एका लाकूड डेपोतला. जंगलातून सागाचे लठ्ठे यायचे आणि ते ओढायला डेपोत हल्ल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, जोड्या होत्या. त्यांचे चामडी पट्टे शिवण्याचे काम कय्यूमभाई नावाचे कारागीर करायचे. डेपोचा एक फुटबॉल संघही होता. संघाचा विकतचा बॉल फाटला, तेव्हा कय्यूमभाईंनी तो उसवून पाहिला आणि म्हशीच्या कातड्याचे अगदी तसेच अठरा तुकडे कापून मला शिवले. आतला रबरी ब्लॅडर तेवढा नागपूरहून आला. मला पहिल्यांदा जमिनीवर आपटून पाहिले, तेव्हा कय्यूमभाई लहान मुलासारखे हसले होते.

आमचा संघ चांदा जिल्ह्याच्या लीगमध्ये दुसऱ्या डिव्हिजनला होता. पहिल्या डिव्हिजनचे सामने पाहायला साहेबलोक खुर्च्या टाकून बसत. आमचे सामने पाहायला शेळ्या येत, आणि त्यांनाही गवतात जास्त रस असे. खेळाडू नावाला कामगार, पण त्यांना पगारावर ठेवले होते ते खेळासाठीच. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना उभे करून बजावले, की सहा संघांत, प्रत्येकाशी दोनदा खेळून, शेवटचा नंबर आला तर संघ मोडला असे समजा आणि आपापल्या गावचा रस्ता धरा.

आणि आम्ही पहिले तीन सामने हरलो! तिसऱ्यात आमचे गोली मुखरूबाबू यांचे बोट मोडले. ते डेपोत कारकून होते, लिहिणेही बंद पडले.

त्याच आठवड्यात सरावाच्या वेळी कोणीतरी मला लाथाडले तो मी थेट लठ्ठ्यांच्या ढिगाकडे गेलो. तिथे भामरागडकडचा एक माडिया तरुण खांद्यावर लाकूड घेऊन ट्रककडे चालला होता. त्याने लाकूड खाली ठेवले नाही, मान वळवली नाही, फक्त मोकळा हात वर केला आणि मला झेलले. कप्तान नानाजी पाहतच राहिले. "हाच आपला गोली," ते म्हणाले. तो लालसू.

मी किती तरी हातांत पडलो आहे, पण लालसूच्या हातांत पडलो की मला निवांत वाटायचे. तो मला पकडत नसे, घेत असे. त्याच्यामुळे आम्ही हरायचे थांबलो. दोन सामने जिंकलो, बाकीचे बरोबरीत सुटले. संघ टिकला तर लालसूला राखणदाराची कायम नोकरी आणि पत्र्याची एक खोली मिळणार होती. दिवाळीनंतर तो बायकोला, सुकरीला, गावाहून आणणार होता. रिकाम्या खोलीत तो दोनदा जाऊन चूल कुठे मांडायची ते बघून आला होता.

तोवर तो कय्यूमभाईंच्या ओसरीवर राहायचा. भाईंना मूलबाळ नव्हते. त्यांची बायको खैरुन त्याला पोटभर जेवू घालायची. सामना झाला की कय्यूमभाई मला मांडीवर घेऊन मोहटोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल चोळत. त्यांचे सगळे आयुष्य हल्ल्यांचे पट्टे तेलवण्यात गेलेले. लालसू विचारायचा, "चाचा, याले तेल काऊन लावता?"

"चामडं तहानलं का फाटते बेटा. पट्ट्याले लागते तसं यालेबी लागते."

शेवटचा सामना कोळसा खाणीच्या संघाशी, आमच्याच मैदानावर होता. बरोबरी झाली तरी आम्ही वाचणार होतो. आदल्या संध्याकाळी आभाळ भरून आले. कय्यूमभाईंना वाटले, उद्या पाऊस पडणार, बॉल पाणी पिऊन धोंड्यासारखा जड होणार आणि लालसूचे हाल होणार. म्हणून त्यांनी मला एकावर एक तीन वेळा तेल चोळले. पट्टा असा तेलवला की आठ दिवस खुंटीवर मुरू देतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण मायेच्या भरात ते विसरले. मला एकच रात्र मिळाली.

दुसऱ्या दिवशी पाऊस आलाच नाही. कडक ऊन पडले. मी तापत गेलो आणि अंगातले तेल हळूहळू बाहेर येऊ लागले. एक-एक गोलची बरोबरी होती. लालसू सारखा चड्डीला हात पुसत होता. शेवटची दोन मिनिटे उरली असताना खाणीच्या एका खेळाडूने मला दुरून साधेसेच टोलवले. असले बॉल लालसूने शंभरदा घेतले होते. तो वाकला, त्याचे दोन्ही हात माझ्याभोवती आले, आणि मी त्या हातांतून निसटलो. मित्रांनो, मला थांबायचे होते हो! पण मी त्याच्या पायांमधून गोलात गेलो.

मैदानात एकच ओरडा झाला. "मोहाची दारू पिऊन आला हा!" कोणी म्हणाले. "खाणवाल्याईनं फोडला याले!" दुसरा म्हणाला. मॅनेजरसाहेब तरातरा आत आले आणि त्यांनी लालसूला जाब विचारला. लालसूने आपले तळवे पाहिले. ते चकचकत होते. मग त्याने मान वर करून कय्यूमभाईंकडे पाहिले. भाई रेषेपाशीच उभे होते. तो बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.

कय्यूमभाई बोलले नाहीत. वीस वर्षांची नोकरी, भोवती चिडलेली माणसे, ते घाबरले. वाईट नव्हते ते, पण घाबरले.

"चूक माही झाली सायब," लालसू म्हणाला आणि त्याने हात पुसले.

तिसऱ्या दिवशी तो ट्रकमध्ये बसून गावी निघून गेला. जाताना "येतो चाचा" म्हणाला, तेव्हाही भाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या खोलीत सुकरीची चूल कधी पेटलीच नाही.

संघ मोडला. मी कय्यूमभाईंच्या घरी खुंटीला लटकलो. शेजारचे पट्टे तेल पीत होते, मला मात्र भाईंनी पुन्हा थेंबभरही लावले नाही. माझे चामडे तडकू लागले. "याले काऊन सुकवून राह्यले?" खैरुन विचारायची. ते उठून बाहेर जायचे. अशी पाच वर्षे गेली.

मग भाईंना खोकल्याने धरले आणि ते अंथरुणाला खिळले. एके दिवशी त्यांनी चैतू नावाच्या ट्रक ड्रायव्हरला बोलावून मला त्याच्या हाती दिले. "भामरागडकडं गेला का हा लालसूले देजो. सांगजो, तेल म्या लावलं होतं. तवा बोललो नाई, माफ कर म्हना." एवढे बोलायला त्यांना चार वेळा थांबावे लागले.

पण नाल्यांना पूर होता. दीड महिना ट्रक वाटेत आलापल्लीलाच अडकून पडला. पाणी उतरल्यावर चैतूने मला लालसूच्या अंगणात पोचवले. दोन लहान मुली मला पाहायला धावत आल्या. चैतूने निरोप सांगितला. लालसूने मला दोन्ही हातांत घेतले, आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा निवांत वाटले.

"मले तवाच समजलं होतं," तो म्हणाला. "हाताले तेल लागलं होतं ना."

"मंग बोलला काऊन नाई?"

"चाचा उभे होते ना तेथी. त्यायनंच बोलावं असं वाटलं मले. मी वाट पाह्यली." मग तो जरा हसला. "चाचाले सांगजो, माह्या मनात काई नाई."

चैतूने मान खाली घातली. "कोनाले सांगू भाऊ? ट्रक आलापल्लीले होता, तवाच खबर आली. चाचा गेले."

 मला मांडीवर ठेवून अंधार पडेपर्यंत लालसू अंगणातच बसून राहिला.

मित्रांनो, चामड्याच्या वस्तूंना तेल लावत जा, आणि बेताने लावा. पण कोणावर खोटा आळ आलेला पाहाल, आणि खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर तिथेच, सगळ्यांच्या देखत बोला. मी बॉल होतो, मला बोलता येत नव्हते. कय्यूमभाईंना येत होते, आणि लालसू त्यांच्याकडेच पाहत होता.