मेव्हणा सापडत नाही

पाणी तपासणीच्या ऑफिसात आकड्यांचं काम दाजींकडे. दाजी म्हणजे तिथल्याच नेटवर्कवाल्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्याचं ऐकून सगळं ऑफिस त्यांना दाजीच म्हणायचं. पण खुद्द या मेव्हण्याशी त्यांचा महिनाभर अबोला. त्यानं सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले, तर दाजी घरी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "किल्ली हातात आली म्हणून मालक झालास काय रे?" झालं. गडी ताटावरून उठला.

आज मात्र दाजींचं घोडं अडलं. अर्ध्या गावाचे नळ बंद, आणि दाजींचा अहवाल गेल्याशिवाय ते उघडायचे नाहीत. आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, एक जोडीचं पॅकेज उतरवून घ्यायचं होतं, पण दारात प्रॉक्सी. प्रॉक्सी म्हणजे ऑफिसचा दरवानच. नाव-पासवर्ड सांगितल्याशिवाय बाहेर सोडत नाही. दाजींनी प्रोग्रामात ओळ लिहिली: नाव, पासवर्ड, @, मग दरवानाचा पत्ता. तरी ढिम्म.

शेवटी नाक मुठीत धरून हाक मारली. "अरे, बघतोस का जरा?"

मेव्हणा आला, वाकला. पडद्यावर लाल अक्षरं: 'मेव्हणा' हा पत्ता सापडत नाही.

"दाजी, स्वतः बोलायचं नाही, आणि यंत्राला मला शोधायला पाठवलंत होय?"

दाजींचे कान तापले.

"पासवर्डातच @ घातलाय तुम्ही. यंत्राला वाटतं पासवर्ड तिथंच संपला, पुढचा 'मेव्हणा' हाच पत्ता. @ च्या आधी काय होतं?"

"खडूस," दाजी पुटपुटले.

मेव्हणा पोट धरून हसला. "अहो, अहवालासोबत हा प्रोग्राम वरपर्यंत जातो! साहेबांनी वाचलं असतं की! पासवर्ड बदला आधी. आणि प्रोग्रामात लिहून ठेवू नका; यंत्राला विचारू द्या, तुम्ही हातानं घाला."

दाजी टाइप करायला बसले, तसा न सांगता तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पॅकेज उतरलं. दुपारी अहवाल गेला. संध्याकाळी दोघं निघताना कोपऱ्यातला नळ आधी खोकला, मग धो धो सुटला.

"नव्यात @ नाही ना, दाजी?"

"छे! खडूस पण काढला. नुसता मेव्हणा ठेवलाय."

मेव्हण्यानं कपाळावर हात मारला. "सांगून टाकलात की! चला परत आत."