दाबून भरलेला कप

थोरल्या जाऊबाईंचं वजनकाट्याशी कधी जमलंच नाही. ज्याचा हातावर भरवसा नाही त्यानं काटा घ्यावा, असं त्या उघड म्हणत. घरच्या बेकरीतला सुक्या फळांचा केक पहिल्यापासून त्यांच्याच हातचा, आणि माप म्हणजे कान तुटलेला पत्र्याचा कप. कपात बेदाणे भरायचे, अंगठ्यानं दाबायचे, पुन्हा भरायचे. कप उपडा केला तरी दाणा पडता कामा नये. उपडा करून बघणं मात्र शिकाऊंसाठी. त्यांना स्वतःला त्याची गरज नव्हती.

मध्यंतरी त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्याबरोबर त्या कामावर हजर. पुढे गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, की केकात बेदाणे शोधावे लागतात. जाऊबाईंनी खापर फोडलं व्यापाऱ्यावर. माल कोरडा देतोस म्हणून त्याला नाही नाही ते बोलल्या आणि दुसरा व्यापारी धरला. कुरकुर काही थांबली नाही.

आता दुसरी भट्टी येणार होती आणि तिच्यावर नवी माणसं. त्यांना कपाच्या भाषेत सांगून भागणार नव्हतं, म्हणून धाकट्या जावेनं सगळं ग्रॅममध्ये उतरवायला घेतलं. पाककृतीच्या पुस्तकात कपाला दीडशे ग्रॅम बेदाणे होते, पण तिचा पुस्तकावर विश्वास नव्हता. अख्खे जर्दाळू कपात जेमतेम मावतात, तेच चिरले की कितीतरी जास्त बसतात. पुस्तकाला आपली रीत काय ठाऊक? तिनं कप जाऊबाईंपुढे ठेवला.

जाऊबाईंनी नाक मुरडत भरून दिला. काट्यावर भरले दीडशेला थोडे कमी. धाकटीनं तोच कप रिकामा करून स्वतः भरला. एकशे नव्वद.

"काटा बिघडलाय तुझा," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा भरला, दात-ओठ खाऊन दाबला. मनगटातून कळ गेली ती त्यांनी तोंडावर दिसू दिली नाही. मग काट्याकडे न बघता, आयुष्यभर दुसऱ्यांना करायला लावलं ते केलं. कप उपडा केला.

बेदाणे घरंगळत ओट्यावर पसरले.

जाऊबाईंना भीती वाटली. हातच गेला तर या बेकरीत आपण कोण? गिऱ्हाइकांना चहा विचारणारी म्हातारी?

"बेदाणेच कोरडे असतील," धाकटी हळूच म्हणाली.

"तू भर," जाऊबाई म्हणाल्या.

धाकटीनं तेच बेदाणे गोळा केले. आधी कडेनं, मग मधे, अंगठा जरा तिरका. नवी नवरी होती तेव्हा जाऊबाईंनी तिचा अंगठा धरून असाच फिरवला होता, आणि कप सांडला की पुन्हा पहिल्यापासून भरायला लावला होता. आज तिनं कप उपडा केला. एक दाणा हलला नाही.

जाऊबाईंनी त्या अंगठ्याकडे निरखून बघितलं.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की."

"मग एकशे नव्वद लिही. ते माझंच माप आहे."

धाकटीनं लिहून घेतलं. जाऊबाईंनी दुखरं मनगट पदरात गुंडाळलं.

"आणि त्या जुन्या व्यापाऱ्याला फोन लाव," त्या म्हणाल्या. "बोलेन मी. त्याचा माल चांगला होता."