कठड्यावरचं ठिगळ

मी भिंग बोलतोय. दचकू नका. आयुष्यभर दुसऱ्यांना बघायला मदत केली, पण 'बाबा रे, तुला काय दिसलं?' असं मला कुणी कधी विचारलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो. माझ्या काचेला डाव्या अंगाने एक तडा आहे, तेवढा सांभाळून घ्या. बाकी म्हातारपणातही नजर शाबूत आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. आधी भट्टी, मग घासणं, घासणं आणि परत घासणं. आमच्यात पोट सुटलं की किंमत वाढते. माणसांत उलटं आहे म्हणे. पितळेची कडी आणि लाकडी मूठ लागली, आणि मी एका घड्याळजीच्या दुकानात येऊन पडलो.

घड्याळजी मोठा विचित्र माणूस. गिऱ्हाईक आल्या आल्या सांगायचं, "स्प्रिंग गेली असणार." हा म्हणायचा, "असेलही. आधी झाकण तर उघडू द्या." झाकण उघडून, मला डोळ्याशी धरून, आत नीट बघितल्याशिवाय त्याच्या तोंडून चकार शब्द निघत नसे. घाईची गिऱ्हाइकं वैतागून जायची. पण गेलेली पुन्हा त्याच्याकडेच यायची.

त्याला दोन मुलं. थोरली मुलगी बापासारखीच, डोळे बारीक करून बघणारी. धाकटा मुलगा म्हणजे उचापती. एकदा त्याने मला उन्हात धरलं आणि स्वतःच्याच नव्या शर्टाला भोक पाडून घेतलं. पाठीत धपाटा बसला, तर बहिणीकडे बोट दाखवून म्हणतो कसा, "हिने पाडलं!" ती म्हणाली, "थांब, भिंग कुणाच्या हातात आहे ते बघ आधी." घड्याळजी इतका हसला की दुसरा धपाटा द्यायचं विसरूनच गेला.

बाप गेल्यावर मी थोरलीच्या वाट्याला आलो. ती तोवर एका दैनिकाच्या कचेरीत लागली होती, बातम्यांच्या टेबलावर मुख्य म्हणून. बातमी हातात आली की तिचा पहिला शब्द, "थांबा." त्यामुळे अख्खी कचेरी तिला पाठीमागे 'थांबाबाई' म्हणायची. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागली, आणि तीही ओ द्यायला लागली. मी तिच्या टेबलावर, पेनांच्या डब्याशेजारी. समोरच्या खुर्चीत एक उपसंपादक बसायचा. तो बोलायला लागला की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे. त्याचं नाव 'तोफ'. आवाज दारूगोळ्याचा, पण मनाने मऊ.

मग युद्ध सुरू झालं. कशावरून, ते मला विचारू नका. दोन्हीकडची कारणं मी ऐकली आहेत, आणि दोन्हीकडचं कारण एकच होतं: 'त्यांनी आधी खोडी काढली.'

थांबाबाईचा धाकटा भाऊ तेव्हा फौजेत होता. त्याची तुकडी सरहद्दीजवळच्या नदीवरचा पूल राखत होती.

कचेरीत रोज दोन ढीग येऊ लागले. एक आपल्या सरकारच्या पत्रकांचा, दुसरा शत्रूच्या दाव्यांचा, तो बाहेरच्या वृत्तसंस्थांकडून यायचा. तोफेचं म्हणणं सरळ होतं. आपलं ते पहिल्या पानावर ठळक छापायचं, त्यांचं ते 'कांगावा' म्हणून आत कुठेतरी ढकलायचं. बाई म्हणाली, "म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असंच ना?"

तिने टेबलावर एक रीत पाडली. तिला सगळे 'उलटी वकिली' म्हणत. जी गोष्ट खरी निघावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्यानेच ती खोडून काढायला उभं राहायचं. आपल्या विजयाची बातमी आली की तोफेने शत्रूचा वकील व्हायचं. पहिल्या दिवशी तोफ तांबडालाल झाला. "हे पाप माझ्या हातून होणार नाही," म्हणाला. मग केलं, आणि इतकं झकास केलं की स्वतःच वरमला.

पहिल्याच पंधरवड्यात शत्रूने आपलं विमान पाडल्याचा फोटो आला. बाईने मला त्यावर धरलं. शेपटावरच्या जळक्या रंगाखाली खूण दिसली, ती त्यांच्याच विमानाची. कचेरीने टाळ्या पिटल्या, चहा मागवला. पुढच्या आठवड्यात आपल्या सरकारने फोटो दिला, 'शत्रूचं शस्त्रांचं कोठार उद्ध्वस्त.' मी त्यावरून फिरलो. ढिगाऱ्यात बाकं होती. बुटकी, लहान मुलांच्या शाळेत असतात तशी. टाळ्या नाहीत, चहा नाही. बाईने दोन्ही बातम्या सारख्याच जागी, सारख्याच टायपात छापल्या. पहिल्या बातमीसाठी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं आणि दुसरीसाठी पायदळी तुडवलं. मला मात्र दोन्ही वेळा काम सारखंच पडलं होतं.

आणि मग पुलाची बातमी आली.

शत्रूचा दावा असा: पूल उडवला, पुलावरची तुकडी संपवली. सोबत फोटो. मोडून नदीत लोंबणारा पूल आणि काठावर उलटीपालटी पडलेली लष्करी वाहनं. तासाभरात आपल्या सरकारचा खुलासा आला: पूल धड आहे, जवान सुखरूप आहेत, फोटो कित्येक वर्षांपूर्वीच्या महापुराचा आहे.

सगळी कचेरी बाईच्या टेबलाभोवती गोळा झाली. तोफ तर कुजबुजला. तोफेची कुजबुज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "बाई, आज वकिली नको. सरकारचं आहे ते छापून मोकळे होऊ या."

"का? आज काय वेगळं आहे?"

"वेगळं काय ते तुम्हांलाही माहीत आहे."

"म्हणूनच तर आज हवी," ती म्हणाली. तिने मला पर्समध्ये टाकलं आणि घर गाठलं.

घरी तिची भावजय दारातच उभी होती. सरकारचा खुलासा तिने रेडिओवर ऐकला होता, चेहरा उजळला होता. महिन्याभरापूर्वी भावाने एक फोटो पाठवला होता, पुलाच्या कठड्याला टेकून हसतानाचा. त्याच्या खांद्यामागे कठड्यावर पत्र्याचं एक ठिगळ दिसत होतं. त्याबद्दल तो फोनवर म्हणाला होता, "परवाच मारलंय, माझ्या हाताने. जरा तिरकं बसलं, पण बसलं." त्यावर दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. याच्या हातून एखादं काम सरळ होईल तर शपथ!

"ताई, हाच फोटो न्या," भावजय म्हणाली. तिने स्वतःच तो चौकटीतून काढला, तळहाताने पुसला. "दाखवा त्या खोटारड्यांना पूल कसा धड आहे ते."

बाईने फोटो पर्समध्ये ठेवला. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं की या फोटोला दोन धारा आहेत.

कचेरीत परतून तिने टेबलावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. आधी तिने मला भावाच्या फोटोवर धरलं. खांद्यामागे ठिगळ, डावं टोक वर गेलेलं, चार खिळ्यांपैकी एक वाकडा. मग शत्रूच्या फोटोवर. मोडलेला कठडा नदीवर लोंबत होता, आणि त्या कठड्यावर तेच ठिगळ होतं. डावं टोक वर. वाकडा खिळा.

जुन्या महापुरात हे ठिगळ नव्हतंच. त्याने ते मारून जेमतेम महिना झाला होता.

खरं सांगतो, मोठं करून दाखवणं हा माझा धर्म, पण त्या दिवशी लहान करून दाखवता आलं असतं तर मी दाखवलं असतं. धर्म गेला चुलीत. ते पोरगं मला उन्हात घेऊन पळायचं हो.

बाई उभी राहिली. तिला खरा निघावासा वाटत होता तो सरकारचा खुलासा, म्हणून वकिली शत्रूची करायची होती. तिने ती केली. पूल पडलाय. फोटो ताजा आहे. सरकार खोटं बोललंय. वाहनं आपलीच आहेत. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि तिथेच तिची चूक झाली. आपण भावाच्या बाजूने झुकतोय की काय, या धास्तीने ती उलट्या बाजूला कलंडत गेली. कागद ओढून तिने लिहिलं, 'पुलावरची तुकडी संपली.'

"थांबा!"

हा शब्द तोफेचा होता. खिडकीच्या काचा हादरल्या.

"बाई, थांबा. पूल पडलेला दिसतो. माणसं मेलेली कुठे दिसतात? दाखवा मला."

त्याने मला तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि वाहनांवर धरलं. एकेक वाहन. "हे बघा, दारं उघडी. याचंही उघडं. दारं उघडली ती कुणीतरी उघडली असतील ना? उतरून गेले असतील, पकडले गेले असतील, मेलेही असतील. मला माहीत नाही. तुम्हांला माहीत आहे का?"

बाई खुर्चीत बसली. म्हणाली, "नाही." मग तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि रडली. तोफ पाण्याचा पेला घेऊन नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी छापून आलं: पूल पडला आहे. फोटो जुना असल्याचा सरकारचा दावा टिकत नाही. तुकडी संपवल्याचा शत्रूचा दावाही या फोटोवरून सिद्ध होत नाही. जवान कुठे आहेत, हे आम्हांला माहीत नाही. खाली दोन्ही फोटो, ठिगळाभोवती गोल काढलेला.

सकाळीच वरून फोन आला. संपादकसाहेब शांतपणे ऐकत होते. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" साहेब म्हणाले, "ज्या बाईने हे लिहिलं तिचा भाऊ त्या पुलावर होता. बाजू तिला विचारता का? देऊ फोन?" पलीकडून फोन ठेवला गेला.

दुपारी भिंतीवर डांबराने 'गद्दार' लिहिलं गेलं. मग दगड आला. खिडकीची काच फुटली, मी टेबलावरून खाली पडलो. हा तडा तेव्हाचा.

पण खरा दगड घरी बसला. भावजयीने बाईला पान वाढलं, पाणी ठेवलं, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "ताई, मी तो फोटो आधार म्हणून दिला होता. तुम्ही त्याचा पुरावा केलात." त्यानंतर कित्येक दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

त्या बातमीने एक मात्र झालं. इतर जवानांचे आईबाप, बायका कचेरीच्या फाटकाशी जमू लागल्या. तिथून मंत्रालयाच्या फाटकाशी गेल्या. 'माहीत नाही तर शोधा,' एवढंच त्यांचं मागणं. शेवटी सरकारला पूल पडल्याचं कबूल करावं लागलं. काही जवान नदी पोहून परतले होते. काही शत्रूच्या कैदेत सापडले. काहींचे देह मिळाले. म्हणजे दोन्हीकडची पत्रकं खोटी होती. बाईचा भाऊ मात्र यांतल्या कशातच नव्हता.

युद्ध थांबलं. एके दिवशी दोन अधिकारी घरी आले, सोबत हार आणि फोटोवाला. भावाला हुतात्मा जाहीर करायचं ठरलं होतं, चौकाला त्याचं नाव द्यायचं होतं. बाई पुढे झाली, पण तिच्याआधी भावजय उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी बघितलं का त्यांना?"

"वहिनी, आता शंका कशाला? इतके दिवस झाले..."

"पूल धड आहे, असंही तुम्हीच सांगितलं होतंत." ती पुढे म्हणाली, "गल्लीतले लोक सांगतात, ते तिकडे कुठल्याशा तुरुंगात जिवंत आहेत. मला तर तेच हवंय. रात्रंदिवस तेच हवंय. पण तेही कुणी बघितलेलं नाही. ज्या दिवशी बघाल, त्या दिवशी या. हार घेऊन या नाहीतर त्यांना घेऊन या. दार उघडं असेल."

ते गेले. दार लावून ती बाईच्या गळ्यात पडली. "ताई, हे 'माहीत नाही' फार जड आहे हो."

"आहे," बाई म्हणाली. "दोघी मिळून उचलू."

त्या संध्याकाळी बाईने मला पर्समधून काढून भावजयीच्या हातात दिलं. तेव्हापासून मी इथे, कपाटावर, त्या फोटोशेजारी असतो. भावजय ठिगळ बघत नाही. ती मला त्याच्या चेहऱ्यावर धरते. माझ्या तड्यामुळे चेहरे दोन दिसतात. मग ती मूठ जराशी सरकवते, तेव्हा एक होतो.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. नावडत्याच्या बोलण्यावर भिंग सगळेच धरतात, त्याला अक्कल लागत नाही. जे खरं निघावं म्हणून तुमचा जीव तुटतो, त्यावर मला धरा. हात थरथरेल. थरथरू दे. आणि काही दिसलंच नाही, तर 'दिसलं नाही' एवढं म्हणायची लाज बाळगू नका.

दाराशी पाऊल वाजलं की आमच्या घरात अजून दोघींचेही हात थबकतात. मग एकजण उठून बघून येते.