पासपोर्ट साइजचा नवरा

शेवटी फोटोवाल्याला त्याच्याच बायकोने झाडूने बडवून घराबाहेर काढलं. पण ते सोडा. असं काही झालंच नाही असं तो सांगतो, आणि आपणही तसंच धरून चालू.

झालं ते एवढंच, की मेंदूच्या तापातून बायको उठली ती चेहरे विसरूनच. वस्तू सगळ्या ओळखायची. किल्ली, कात्री, नवऱ्याची खटारा दुचाकी तर गर्दीतूनसुद्धा. नवरा मात्र समोर आला की विचारायची, "काय हवंय, दादा?"

लग्नाच्या बायकोने दादा म्हटल्यावर कुणाची तळपायाची आग मस्तकात जाणार नाही?

"अगं, मी!"

"अगंबाई, आवाज तुमचाच की. मग तोंड कुणाचं घेऊन आलात?"

"आवाजावरून कळतंय ना, मग घ्या भागवून, भावोजी," मेहुणी म्हणाली.

"भागवून? मी नवरा आहे की रेडिओ?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूत चेहऱ्यांची जागा वेगळी, वस्तूंची वेगळी. हिची चेहऱ्यांची दुखावलीय. तान्हं बाळ आईचं तोंड हसताना, जांभई देताना, अर्धवट उजेडात बघत बघत शिकतं, तसं हिला पुन्हा शिकवायचं. जमेल तितकं. "रोज चेहरा दाखवा, पण नाना तऱ्हांनी."

फोटोवाल्याने पहिलं अर्धंच ऐकलं, उरलेल्या अर्ध्यात तो चिडलेला होता. चेहरा दाखवायचा ना? उभा जन्म "मान सरळ, कान दिसू द्या, दात झाका" म्हणत लोकांची तोंडं पासपोर्टच्या चौकटीत बसवण्यात गेलेला. त्याने स्वतःचे तसलेच फोटो काढून घरभर चिकटवले. कपाटावर, नळावर, आणि आरशावर तर आरसा दिसेनासा होईपर्यंत.

आणि बायको शिकली! एके सकाळी तो पांढऱ्या भिंतीपुढे ठोंब्यासारखा उभा होता, तर म्हणाली, "अहो, चहा ठेवू?"

तो आनंदाने हसला.

ती दचकली. "आत्ता इथे हे उभे होते, कुठे गेले हो, दादा?"

हसला की गेला. मान वळवली की गेला. चिडला तर विचारूच नका. आणि याचा राग जन्मापासून नाकाच्या शेंड्यावर. त्या दिवशी गिऱ्हाइकांवर, मेहुणीवर, त्या आगाऊ मेंदूवर ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. संध्याकाळी एक लालबुंद, मुका माणूस घरात शिरला आणि थेट पलंगावर बसला. पुढचं झालंच नाही, असं आपलं ठरलंय.

बंद दारापलीकडून ती रडत ओरडत होती, "माझे हे येऊ देत, मग बघते तुझ्याकडे!"

आरडाओरडा ऐकून मेहुणी धावत आली. तो पायरीवर कपाळ चोळत बसला होता.

"तोंड सरळ करा, भावोजी. दार उघडेल लगेच."

"नाही करणार," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माझ्याच भरवशावर मला मारलं हिने, आता चिडू तरी कुणावर? आणि तापाआधी माझं हेच चिडकं तोंड बघून पोट धरून हसायची ती."

खिशातल्या फोटोच्या पाकिटावर त्याने दात-ओठ खात काहीतरी खरडलं आणि ते दाराखालून आत सरकवलं.

"प्रति, माननीय मेंदू, चेहरे विभाग. विषय: चिडक्या चेहऱ्यास मान्यता मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा हसताना, शिंकताना व भांडताना एकच इसम असून, आपल्या दप्तरी त्याच्या केवळ निर्विकार प्रतीची नोंद आहे. तरी सदर नोंद तत्काळ रद्द करून, अर्जदारास आहे त्या तोंडानिशी नवरा म्हणून ओळखण्यात यावे, ही नम्र विनंती."