रविवारचा पंखा

शलाकाने टेबलफॅन दोन्ही हातांनी उचलून ओसरीतल्या चटईवर ठेवला, शेजारी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि अप्पांची खुर्ची मोकळी सोडून ती उंबऱ्यावर बसली.

“हा चालत नाही. बघ काय करता येतं ते.”

अप्पा नेमकं एवढंच म्हणायचे.

चटईवर सिद्धी होती, नुकतीच दहावी झालेली. तिचे वडील विश्वासराव, अप्पांचे कारखान्यातले सहकारी, कठड्याला टेकून उभे होते. उद्या पीयूसीचा, म्हणजे अकरावीचा प्रवेश. सायन्स की आर्ट्स यावरून घरात महिनाभर धुसफूस चालली होती, आणि शेवटी रत्नाकरअण्णा, म्हणजे शलाकाचे अप्पा, सांगतील ते दोघांनी ऐकायचं असं बापलेकीत ठरलं होतं. तेवढ्यात अण्णाच गेले.

“तू त्यांची मुलगी. तूच बघ,” विश्वासराव फोनवर म्हणाले होते. आपण रविवारी फक्त चहा द्यायचो, हे शलाकाला सांगवलं नाही.

निवृत्तीनंतर बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या या ओसरीत अप्पांनी कितीतरी मुलं बसवली. तुला कोण व्हायचंय, हे त्यांनी एकालाही विचारलं नाही. पंखा पुढ्यात ठेवायचे आणि पेपर वाचल्यासारखं करायचे. कोणी थेट स्क्रू काढायला घ्यायचं, कोणी आधी चित्र काढायचं. एकीने तर नुसती पाती पुसून लखलखीत केली होती. ती आता नर्स आहे, दर संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तीळगूळ, घेऊन येते. शेवटी अप्पा एखादंच वाक्य बोलत. वर म्हणत, “मी पाहिलं ते सांगितलं. नाव तुम्ही द्या.”

“अक्का, हा बंद कधी पडला?” सिद्धीने विचारलं.

“तो नेहमीच बंद असतो.”

“तुम्ही स्वतः लावून पाहिलाय?”

“अगं, उघड ना तो,” विश्वासराव म्हणाले. “घरी आईची उलटतपासणी, दुकानात शेट्टींची, आता इथेही सुरू.”

सिद्धी उठली. प्लग लावून तिने बटण दाबलं. पंखा फिरू लागला. खुर्चीतला जुना पेपर फडफडला.

“चालतोय की,” विश्वासराव हसले.

शलाकाला हसू आलं नाही. अप्पांच्या शेवटच्या रविवारी एका मुलाने तो दुरुस्त केला होता. बहुतेक वेळा कोणी ना कोणी करायचंच, आणि पुढच्या रविवारी पंखा पुन्हा बंद. “नवा घ्या आता,” ती कुरकुरायची. अप्पा मिशीत हसायचे. शनिवारी संध्याकाळी ते ओसरीत एकटेच काय खुडबुड करतात, हे तिने कधी वाकून पाहिलं नव्हतं. त्या रविवारनंतरचा शनिवार अप्पांना मिळालाच नाही.

सिद्धीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न ओठांवर आला होता, तो तिने गिळला. पंखा बंद केला आणि आत जाऊन पाण्याचा पेला आणला.

“मग? काय दिसलं?” विश्वासरावांनी विचारलं.

शलाकाने सावकाश पाणी संपवलं.

“ऐकलेलं ती तसंच धरून चालत नाही. विचारते, करून बघते. आणि कुठे थांबायचं, तेही तिला कळतं.”

“म्हणजे सायन्स नको?”

“मी पाहिलं ते सांगितलं, काका. नाव तुम्ही द्या.”

विश्वासराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग गुडघे सांभाळत लेकीशेजारी चटईवर बसले.

“सरी, बरं. बोल. उलटतपासणी शिकायची तर काय घ्यावं लागतं?”

“आधी आर्ट्स. मग लॉ. रागावणार नाही ना?”

“स्वल्प रागावीन.”

ते दोघे गेल्यावर शलाका अप्पांच्या खुर्चीत बसली. पुढच्या रविवारी कोणी येईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. तिने पंखा मांडीवर आडवा घेतला, बुडाचं झाकण उघडलं आणि आतली एक वायर हलकेच सैल केली.