न मोजलेली फुंकर

मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक आहे. त्या सोमवारी नर्सबाईंनी एका घरी फोन लावला, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच होतो. "ताई आज तपासणीला येणार होत्या ना?" त्यांनी विचारलं. पलीकडून ताईंचे यजमान म्हणाले, "ती शुक्रवारीच गेली हो. हृदयानं दगा दिला." बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यात माझा दोष काय, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मुठीत मावेल एवढी डबी आणि पुढे कागदी नळी, एवढंच माझं रूप. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात धुराचा विषारी वायू उरतो. तो किती, ते मी आकड्यात दाखवतो. वायू ओळखणारा माझ्या पोटातला तुकडा काही वर्षांनी निकामी होतो. तो वेळेवर बदलावा लागतो.

तंबाखू सोडवणाऱ्या या दवाखान्यात एक संशोधन चालू होतं. निम्म्या लोकांना नुसता सल्ला, उरलेल्यांना सल्ला, तलफ कमी करणारी, अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी आणि दर आठवड्याला फोन. सहा महिन्यांनी कोण सुटलं ते पाहायचं. माणूस तोंडानं काहीही सांगेल, म्हणून शेवटचा शब्द माझा. तेव्हा डॉक्टर मला स्वतःच्या रुमालानं पुसायचे.

ताई शिवणकारखान्यात काजंबटणं करायच्या. सिगारेटची पंचवीस वर्षांची सवय. पट्टीवाल्या गटात आल्या आणि दोनदा घसरल्या. बाई फोनवर रागावल्या नाहीत. "पडलात तर पडलात, उद्यापासून पुन्हा," म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला सुटली ती सुटलीच.

यजमान चिडवायचे, "सासूला कधी भ्यायली नाही, या डबीला बघा कशी भिते!"

"सासूबाईंना माझ्या पोटातलं कळत नव्हतं. हिला कळतं," ताई म्हणायच्या.

सहा महिने भरले त्या गुरुवारी ताई लवकर सुट्टी घेऊन आल्या. छाती भरून त्यांनी नळीत फुंकलं. मी कोराच राहिलो. माझ्या तुकड्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. डॉक्टरांना वाटलं, नवा बाईंनी मागवला असेल; बाईंना वाटलं, डॉक्टरांनी.

"सोमवारी या हो ताई, तोवर नवा आणवते."

"सहा महिने काढले, चार दिवसांनी काय होतंय!" म्हणत ताई गेल्या.

आता नियम असा, की ज्याचा आकडा नाही तो ओढतोच असं धरायचं. नियम खोटा नाही. नाहीतर न आलेले सगळेच सुटले म्हणता येईल. पण पुढच्या आठवड्यात यजमान आले, ते उभेच राहिले.

"डॉक्टर, तिला परत आणा म्हणत नाही मी. ती सुटली होती, एवढं लिहा."

"काका, पुरावा लागतो. माझ्या शब्दावर चालत नाही."

"मग माझ्या? शेजारी मी झोपत होतो. तिच्या केसांना धुराचा वास नव्हता हो!"

मी तिथेच होतो, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

अशा एकेका आकड्यावरूनच ठरणार आहे, की पुढच्या माणसाला पट्टी आणि फोन मिळावा, की नुसता सल्ला. मित्रांनो, मोजणाऱ्या वस्तूंची निगा राखा. दुसरा कुणी करील म्हणून सोडू नका. बंद आम्ही पडतो, पण भोगतं माणूस.

माझा तुकडा आता बदलला आहे. डॉक्टरांनी संशोधनाच्या वरच्या समितीला ताईंबद्दल पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलेलं नाही. ताईंच्या नावापुढे अजून 'ओढते' असंच लिहिलेलं आहे.